पाचपैकी तीन

शाळेतून आलेला तो कागद आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन दिवस पडून होता. उचलत कोणी नव्हतं, त्याला वळसा घालून ताटं मांडली जात होती. माझ्या मुलाने त्यावर सही करून ठेवली होती. नातीने तो दप्तरात घालून शाळेत नेऊन द्यायचा, एवढंच बाकी होतं. गुरुवार शेवटचा दिवस. कागद पोचला की तिचं कॉलेजचं केमिस्ट्री बंद आणि शाळेचं साधं केमिस्ट्री सुरू.

थांबा, आधी नीट सांगते. मी बोलताना मधूनच सुरुवात करते म्हणून घरचे हसतात मला. लिहितानाही तेच होतंय.

आम्ही अल खोरला राहतो. आमचे हे दोह्यात एका व्यापाऱ्याकडे कारकून होते. त्यांच्या मागोमाग मी रत्नागिरीकडून इथे आले तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. हे आता नाहीत. मुलगा रास लफानच्या गॅस प्लांटवर आहे, तिथली मीटरं बरोबर आकडा दाखवतायत की नाही ते बघणं त्याचं काम. सून महाडची, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. आणि त्या दोघांची एकुलती एक मुलगी, माझी नात, तेव्हा अकरावीत होती. तिची शाळा अल दुहैलला, अमेरिकन पद्धतीची. सव्वापाचला बस खाली येऊन उभी राहायची. मी फजरची नमाज पढून उठले की तिचा डबा भरायचे.

त्या शाळेत अकरावी-बारावीच्या मुलांना कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा एखादा विषय शाळेतच शिकता येतो. सक्ती नाही. वर्षभर शिकायचं, मे महिन्यात बाहेरून येणारा पेपर द्यायचा, आणि चांगला गेला तर काही कॉलेजं तो विषय झाला असं धरतात. परत शिकायला लावत नाहीत. मला हे सगळं नातीने दोनदा सांगितलं तेव्हा कळलं. मी म्हटलं, "म्हणजे सासरी जायच्या आधी सासरचा स्वयंपाक शिकून घ्यायचा." ती म्हणाली, "दादी, नो," आणि हसत आत गेली. मला तरी उपमा बरी वाटली होती.

मी स्वतः सातवी पास. गावच्या मराठी शाळेत तेवढेच वर्ग. पुढची शाळा खाडीपलीकडे, आणि मुलींनी होडीतून जायचं नाही असं वडिलांनी ठरवलेलं. म्हणून काही मी शिकायची थांबले नाही. इथे आल्यावर मुलाची पुस्तकं त्याच्याबरोबर वाचली, इंग्रजी शिकले, शिवण तर जुने कपडे उसवून उसवून शिकले. इथल्या कितीतरी बायकांचे ब्लाउज आणि अबाये माझ्या हातचे आहेत. तेव्हा एखादी गोष्ट अवघड आहे एवढ्यावरून मी घाबरत नाही. अवघड आहे म्हणजे उसवून बघावी लागेल, एवढंच.

माझ्या मुलाचं तसं नाही. त्याने आधी बसमध्ये विचारलं.

रास लफानला जाणारी ती कंपनीची बस म्हणजे आमच्या लोकांची दुसरी शाळा. अर्धा तास जायचं, अर्धा तास यायचं, आणि तेवढ्यात कोणाच्या मुलाला किती टक्के पडले ते अख्ख्या बसला कळतं. केरळचे, हैदराबादचे, आमचे कोकणातले, सगळे त्यात. माझ्या मुलाला शेजारच्या सीटवाल्याच्या मुलीचे दहावीचे टक्के पॉइंटसकट पाठ आहेत. स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र बायको आठवण करून देते. तर त्या बसमध्ये कोणीतरी सांगितलं की अमक्याच्या मुलाने असे तीन विषय शाळेतच केले आणि कॅनडात त्याचे सहा महिने वाचले. झालं. घरी येऊन म्हणाला, "घे तू. चांगलं असतं ते."

सप्टेंबरात शाळा सुरू झाली आणि महिन्याभरात पोरगी मऊ पडली.

पुस्तक असं जाड की लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून ठेवावं. आठवड्याला एक प्रयोग, आणि त्यावर पाच-पाच पानं लिहायची. तोपर्यंत तिचा अभ्यास मी पाहिलेला होता. एकदा वाचायची, पेन्सिल चावायची, आणि पेपरात पंच्याण्णव. आता एकाच पानावर अर्धा अर्धा तास बसलेली दिसायची. मधेच उठून फ्रिज उघडायची, काही न घेता बंद करायची. मी विचारलं काय झालं, तर म्हणायची, "नथिंग, दादी." फ्रिजला मात्र माहीत होतं सगळं.

ऑक्टोबरात त्यांच्या बाईंनी वर्गात एक परीक्षा घेतली, मेच्या त्या बाहेरच्या पेपरासारखीच, आणि मार्कही तसेच दिले. त्यात मार्क पाचपैकी असतात. रविवारी संध्याकाळी ती निकाल घेऊन आली. मुलाची त्या दिवशी सुट्टी होती, तो चहा पीत होता.

"किती?" त्याने विचारलं.

"थ्री."

"कितीपैकी?"

"फाइव्ह."

त्याने कप खाली ठेवला. "म्हणजे साठ टक्के."

"अब्बा, ते तसं नसतं."

"आकडे सगळीकडे सारखेच असतात. पाचपैकी तीन म्हणजे शंभरपैकी साठ. प्लांटवर चालतं, घरी का नाही चालणार?"

साठ टक्के आमच्या घरात कोणाला पडले नव्हते. म्हणजे मला पडले होते सातवीत, पण मला कोण धरतंय. मुलगा काही ओरडला नाही. तो ओरडणाऱ्यातला नाहीच, आणि त्याचं काळीजही कळत होतं मला. त्याचं म्हणणं एवढंच की अकरावीचे मार्क पुढे प्रत्येक कॉलेज बघणार. चांगली चाललेली मुलगी या नसत्या धाडसापायी खाली आली तर भरून कसं काढायचं? विषय सोडायची मुदत गुरुवारपर्यंत होती. निकालाबरोबरच शाळेने विषय सोडायचा कागद दिला होता. त्याने तो दप्तरातून काढायला लावला, सही केली, टेबलावर ठेवला. "ने उद्या. खलास."

तिने दुसऱ्या दिवशी नेला नाही. तिसऱ्या दिवशीही नेला नाही. विसरले म्हणाली. ही मुलगी शाळेची साधी पट्टी कधी विसरलेली नाही.

मंगळवारी दुपारी ती साडेतीनला आली आणि उभ्या उभ्या भात खायला लागली. मी म्हटलं, "बाय गं, बस आणि मला सांग. तुला काय पाहिजे?"

"आय डोन्ट नो, दादी."

"ते इंग्रजीत सांगितलंस म्हणजे सांगायचं नाहीये. तुला तो विषय आवडतो का?"

आमच्या घरात असं आहे, मी मराठीत बोलते आणि ती इंग्रजीत उत्तर देते. दोघींना सवय झालीय. त्या दिवशी मात्र ती भात कालवता कालवता मराठीत म्हणाली, "आवडतो. पण मला तो येत नाही. मला सगळं येतं, हेच येत नाही."

"मग कागद नेऊन दे."

"दिला की संपलं ना मग."

मला कळलं काय झालंय ते. सोळा वर्षांत पहिल्यांदा तिला अशी गोष्ट आवडली होती जी तिला येत नव्हती, आणि त्याचं काय करायचं हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. आम्हीच नव्हतं शिकवलं. येतं ते कर, मार्क आण, शाबास. मी कागद उचलला, घडी घातली आणि माझ्या शिवणाच्या डब्यात टाकून झाकण लावलं.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला, जेवायला बसला, आणि टेबल मोकळं दिसलं तसा म्हणाला, "दिला का कागद?"

"माझ्याकडे आहे," मी म्हटलं.

"अम्मा, तुला त्यातलं काय कळतं?"

"काही कळत नाही. म्हणून तर उद्या विचारायला जाणार आहे."

"कोणाला?"

"जी शिकवते, त्या बाईला."

"तू जाणार शाळेत? आणि बोलणार काय?"

"तुझ्या आठवीत तुझ्या हिंदीच्या सरांकडे मीच गेले होते ना. तेव्हा काय बोलले ते सरांना अजून आठवत असेल."

सून तोंडात घास असताना हसली आणि तिला ठसका लागला. मुलगा मला म्हणाला, "जा. पण गुरुवारी कागद शाळेत पोचला पाहिजे." मी म्हटलं, "इन्शाल्ला." तोही हसला मग. माझं इन्शाल्ला किती पक्कं असतं ते त्याला ठाऊक आहे.

बुधवारी सुनेची सुट्टी असते. तिने गाडी काढली. तिने बाईंना निरोप पाठवून वेळ मागून घेतली होती, साडेअकराची. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना सपाट माती. बोलायला उत्तम. पण निम्म्या रस्त्यापर्यंत रेडिओच बोलत होता. मग सून समोर बघतच म्हणाली, "अम्मा, एक सांगते. ह्यांना माहीत नाही."

मी रेडिओ बंद केला.

"बारावीला मला एक्याण्णव होते. महाडला कॉलेजात पहिली. पेपरात फोटो आलेला. मग पुण्याला फार्मसीला गेले आणि पहिल्या वर्षी दोन विषयांत नापास झाले."

मी तिच्याकडे वळून बसले. सांगू दे म्हटलं.

"महाडला वाचलं की पाठ व्हायचं आणि पाठ झालं की मार्क. पुण्यात पहिल्यांदा असं झालं की वाचून समजेना. आणि कोणाला विचारायचं तेच माहीत नव्हतं. विचारायची वेळच कधी आली नव्हती ना. सरांच्या दाराशी जाऊन परत यायचे. मला वाटायचं, गेले आणि विचारलं तर त्यांना कळेल की मी हुशार नाही. घरी सांगितलं निकाल लांबलाय. परत बसले, पास झाले, पण अख्खं वर्ष मी घरी खोटं बोलले, अम्मा."

"आणि नवऱ्याला एवढ्या वर्षांत सांगितलं नाहीस?"

"स्थळ बघायला आलात तेव्हा तुमचा पहिला प्रश्न काय होता आठवतं? पोरगी हुशार आहे ना?"

विचारलं होतं मी. मला आठवत होतं. अठरा वर्षं ती बाई माझ्याबरोबर एका स्वयंपाकघरात वावरली आणि माझ्या एका प्रश्नापायी हे गिळून बसली. मी तिच्या मांडीवर हात ठेवला. ती म्हणाली, "गाडी चालवतेय मी," आणि डोळे पुसले.

शाळेत बाई भेटल्या त्या जॉर्डनच्या, माझ्या सुनेच्याच वयाच्या. बाहीला शाईचा डाग. मला तेवढ्यानेच त्या आवडल्या. मी माझ्या इंग्रजीत बोलले, अडलं तिथे सुनेने हात दिला. मी सरळच विचारलं, "हे पाचपैकी तीन म्हणजे किती? माझा मुलगा म्हणतो साठ टक्के."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरेच पालक असंच म्हणतात. भारतातले तर सगळेच." मग त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि समजावलं. हा पेपर असाच काढलेला असतो की त्यात सगळं कोणालाच येऊ नये. अर्ध्याच्या आसपास बरोबर आलं तरी तीन मिळतात. आणि तीनचा अर्थ, हा मुलगा कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात बसला असता तर पास झाला असता. "तुमची नात सोळाची आहे. सहा आठवडे झालेत शिकायला लागून," त्या म्हणाल्या. "ती आज कॉलेजात पास होतेय. तुम्ही तिला नापास समजताय."

मी म्हटलं, "पण ती रडवेली झालीय. तिला वाटतं तिला येत नाही."

तेव्हा बाईंनी कपाटातून तिची प्रयोगवही काढली आणि एक पान उघडलं. प्रयोग असा की एका नळीतून थेंब थेंब टाकत राहायचं आणि खालचं पाणी फिकट गुलाबी झालं की तिथेच थांबायचं. किती थेंब लागले त्यावरून उत्तर काढायचं. आमच्या पोरीचं उत्तर चुकलेलं. पण खाली तिने लिहिलं होतं, सुनेने मला वाचून दाखवलं, की मी घाई केली, रंग गडद झाला, म्हणजे मी गरजेपेक्षा जास्त टाकलं, म्हणून माझं उत्तर खऱ्यापेक्षा मोठं आलंय, पुढच्या वेळी शेवटी हळू टाकेन.

"वर्गात बावीस मुलं," बाई म्हणाल्या. "बहुतेकांनी उत्तर माहीत करून घेऊन आकडे मागून जमवून लिहिले. मला कळतं ते. हिने खरं लिहिलं. अशी मुलं मला टिकवायची असतात. फक्त ती मला काही विचारायला येत नाही. मंगळवारी दुपारी मी इथे बसलेली असते, ज्याला अडलंय त्याने यावं म्हणून. ती दारापर्यंत येते आणि परत जाते."

माझी सून खुर्चीत ताठ झाली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

मी शेवटचं विचारलं, "समजा ती आज निघाली यातून. काय बिघडेल तिचं?"

बाईंनी प्रामाणिक उत्तर दिलं. म्हणाल्या, काही बिघडणार नाही, चांगल्या मार्कांनी शाळा संपवेल. मग दोन वर्षांनी कॉलेजात हेच पुस्तक समोर येईल. तेव्हा वर्गात दोनशे मुलं असतील, आणि घरी जाऊन भात खायला मिळणार नाही.

परत येताना मी सुनेला म्हटलं, महाग कापड असलं की मी आधी मांजरपाटावर कापून बघते. पाच हात साधं कापड वाया गेलं तर जातं, रेशीम वाचतं. आणि खरं म्हणजे तेही वाया जात नाही, कुठे खेचतंय, कुठे झोळ येतोय ते अंगावर घालून कळतं. पोरीला आत्ता चुकायला मिळतंय, आपल्या डोळ्यांसमोर, आपल्या घरात. ते काढून घ्यायचं आणि पहिली कात्री थेट रेशमावर लावायला सांगायचं, हे कुठलं शहाणपण?

"हे तुम्ही ह्यांना सांगा," ती म्हणाली.

"मी कापडाचं सांगेन. पुण्याचं तू सांग."

तिने आरशात बघून लेन बदलली.

संध्याकाळी मुलगा आला, निळा डगला दारातच उतरवला, तोंड धुतलं आणि बसला. मी बाईंचं सगळं सांगितलं. साठ टक्क्यांचंही सांगितलं. त्याने नीट ऐकलं, कारण आकड्यांचं तो नेहमी नीट ऐकतो. मग म्हणाला, "बरं, माझा हिशेब चुकला. तीन म्हणजे पास. पण अम्मा, आपल्याला नुसतं पास नकोय. इतकी वर्षं ती पहिली येतेय. तिला एकदा खाली यायची सवय लागली तर?"

सून भाजी वाढत होती. डाव तसाच हातात धरून म्हणाली, "मला लागली होती ती सवय. पुण्याला."

आणि तिने सांगितलं. सकाळी मला सांगितलं त्यापेक्षा थोडक्यात, पण सगळं. दोन विषय, निकाल लांबल्याचं खोटं, सरांचं दार. नात तिच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिलेली आम्हाला तिघांनाही दिसत होती. कोणी तिला आत जा म्हटलं नाही.

मुलाने ताट बाजूला सारलं. "मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी टक्के सोडून काही विचारलंत?"

हे जरा लागेलसंच होतं. मी दुसऱ्या कोणा बाईकडून माझ्या मुलाला असं ऐकून घेतलं नसतं. पण ही बरोबर होती, आणि शिवाय ती माझी सून. मी गप्प बसले, जे मला फार जमत नाही.

मग मी उठले, डब्यातून कागद आणला आणि नातीच्या हातात दिला. "सही तुझ्या बापाची आहे. पण विषय तुझा. उद्या न्यायचा की नाही ते तू सांग. आणि येतंय का ते सांगू नकोस, राहायचंय का ते सांग."

तिने कागद उलटसुलट केला. माझ्याकडे नाही, आईकडे नाही, बापाकडे बघून तिने विचारलं, "अब्बा, मे महिन्यात पण तीनच आले तर तुम्ही नाराज होणार?"

माझा मुलगा खोटं बोलत नाही. "होईन," तो म्हणाला. "दोन-चार दिवस होईन. तुझ्यावर नाही, असाच. पण तुला राहायचं असेल तर राहा."

"राहायचंय."

"मग मंगळवारी त्या बाईंकडे बसायचं. उशीर झाला तर बस सोड, मी किंवा तुझी आई आणायला येऊ."

कागद तिने फाडला वगैरे नाही. त्याच्या पाठीमागे तिने त्या जाड पुस्तकातलं जे जे कळलं नव्हतं त्याचे प्रश्न लिहून काढले, मंगळवारी विचारायला. सतरा होते. पाठीवर मावले नाहीत म्हणून शेवटचे दोन सहीच्या बाजूला लिहिले.

वर्ष सोपं गेलं असं कोणी समजू नये. मंगळवारी सून किंवा मुलगा दुहैलला जायचे, कधी दोघांचीही पाळी जमायची नाही आणि पोरगी शाळेच्या वाचनालयात दोन तास काढायची. पण फ्रिज उघडणं बंद झालं. अडलं की ती आता पुस्तक मिटून हात बांधून बसत नव्हती. वर्गातल्या दोन मुलींना फोन लावायची, नाही तर पान दुमडून मंगळवारसाठी ठेवायची. शनिवारी बसून पुढच्या आठवड्याचा अभ्यास वारांवर वाटून लिहायची, आणि मला विचारायची, दादी, गुरुवारी पाहुणे आहेत का? हे तिला त्या विषयाने शिकवलं. मी सांगून सांगून थकले होते तेव्हा शिकली नव्हती.

सगळ्यांनी असे विषय घ्यावेत असं मी म्हणत नाही. बसमधल्या एकाने स्वतःच्या मुलाला असे पाच घ्यायला लावले आणि डिसेंबरात तो मुलगा आजारी पडला. मुदत गेली होती, तरी शाळेने त्याला तीन सोडू दिले, आणि सोडले ते बरंच केलं. कापड बघून कात्री लावायची. पण जे मूल स्वतःहून म्हणतं राहायचंय, त्याला मार्कांच्या भीतीने उठवू नये, एवढं मी आता कोणालाही तोंडावर सांगते. बसमध्येही पोचलंय ते. माझा मुलगाच सांगतो म्हणे.

जुलैत निकाल आला. तीन.

मुलगा म्हणाला होता तसा नाराज झाला. तीन दिवस. चौथ्या दिवशी बाजारातून मोठी सुरमई घेऊन आला, आणि आम्ही जेवलो. पोरीने मात्र निकाल बघितला, एक मोठा श्वास घेतला, आणि म्हणाली, "आता मला माहितीय कुठले दोन धडे कच्चे राहिले." बारावीत तिने असंच कॉलेजचं स्टॅटिस्टिक्स घेतलं. या वेळी कोणाला बसमध्ये विचारायला लागलं नाही. त्यात चार आले.

आता ती दोह्यातच युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला आहे, अल रय्यानकडे, हॉस्टेलवर राहते आणि गुरुवारी घरी येते. तिच्या कॉलेजात सूट मिळायला चार लागतात. म्हणून स्टॅटिस्टिक्स धरलं गेलं, आणि त्या रिकाम्या तासाला ती अरबी शिकतेय, जी इतकी वर्षं इथे राहून आम्हा कोणालाच धड वाचता येत नाही. केमिस्ट्री धरलं गेलं नाही. तेच जाड पुस्तक तिला परत शिकावं लागतंय. बसमधल्या एकाने माझ्या मुलाला विचारलं, मग त्या वर्षाचा उपयोग काय झाला? मुलगा म्हणाला, शुक्रवारी घरी ये, दाखवतो. तो काही आला नाही. पण आला असता तर त्याला दिसलं असतं.

मागच्या शुक्रवारी तिच्या वर्गातल्या तिघी जणी आल्या होत्या. मी घावन घालत होते, नारळाची चटणी केलेली. त्यातली एक मुलगी, भारतातल्या शाळेतून पहिली येऊन इथे आलेली, घावनाला हातही न लावता बसली होती. पहिला पेपर परत मिळाला होता आणि निम्मे मार्क गेले होते. घरी सांगितलं नव्हतं तिने. रडत नव्हती, पण ते रडण्यापेक्षा वाईट दिसत होतं. म्हणाली, ती या कामाची नाहीच, तिला विषय बदलायचाय.

माझी नात म्हणाली, "बदल पाहिजे तर. आधी पेपर काढ."

"कशाला?"

"कुठे गेले मार्क ते बघू. मला पण हेच झालं होतं, सोळा वर्षांची होते तेव्हा. माझी दादी शाळेत जाऊन भांडली."

"भांडले नाही, विचारलं," मी तव्यावरूनच म्हटलं.

त्या मुलीने नाइलाजाने पेपर बाहेर काढला. माझी नात तिच्या शेजारी सरकली, ताट बाजूला केलं, आणि मार्काचा आकडा असलेलं पहिलं पान मागे दुमडून टाकलं. मग पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली. हे बरोबर आहे. हे पण. इथे घाई केलीस. हे बघ, इथपर्यंत तुझं सगळं बरोबर होतं. तिसऱ्या प्रश्नाला ती मुलगी म्हणाली, "थांब, थांब, हे मी सांगते," आणि तिच्या हातातलं पेन हिसकावून घेतलं.

मी भांड्यात अजून दोन वाट्या तांदळाचं पीठ घेतलं आणि पाणी घातलं. त्या काही लवकर उठणार नव्हत्या.